पवनेकाठी एक दिवस ई-सायकलवर: कामशेत ते तिकोना पेठ, गाईडसोबत

पवना धरणाच्या परिसरात लहान गट घेऊन सायकलने जायला लागून मला बरीच वर्षं झाली. आधी सगळ्या साध्या सायकली असायच्या. येणारेही बहुतेक विशी-तिशीतले, सराव असलेले. ई-सायकली आल्या आणि गटातली माणसं बदलली. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेल्या बाई येऊ लागल्या. वडिलांना घेऊन लेकी येऊ लागल्या. नवरा रोज चाळीस किलोमीटर चालवतो आणि बायको लग्नानंतर सायकलवर बसलेलीच नाही, अशी जोडपी आली. ही सगळी माणसं एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, बोलत बोलत जाऊ शकतात, हे मोटरचं सगळ्यात मोठं देणं आहे असं मला वाटतं. वेगासाठी ई-सायकल घेऊन डोंगराच्या पायथ्याला येऊ नये. तिथे बघायला इतकं आहे की वेग आडवा येतो.

हा लेख पहिल्यांदाच अशा सहलीला निघणाऱ्यांसाठी आहे. रस्ता मी एकच घेतला आहे: कामशेत, बेडसे, पवनानगर, तिकोना किल्ल्याच्या पायथ्याचं तिकोना पेठ, जमलं तर जवण गावाच्या बाजूला पाण्याकाठी थोडं पुढे, आणि त्याच वाटेने परत. ये-जा मिळून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. बाकीची माहिती सह्याद्रीच्या कुठल्याही पायथ्याला चालेल.

रस्ता आणि हंगाम

कामशेत सोयीचं आहे कारण ते पुणे-लोणावळा लोकलवर आहे. मुंबईकडून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल घ्यायची, मळवलीनंतरचं स्टेशन कामशेत. मात्र दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल विरळ असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवा. सायकली गाईड कामशेतलाच तयार ठेवतो. स्वतःची ई-सायकल लोकलमध्ये चढवण्याच्या भानगडीत मी तरी कुणाला पाडत नाही. वीस-पंचवीस किलोंचं धूड आणि लोकलची गर्दी यांचा मेळ बसत नाही.

ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. ऑक्टोबरच्या सुरुवातीला माळावर सोनकी असते, खाचरांत भात पोटरी सोडून पिवळा पडू लागलेला असतो. हा बहुतेक इंद्रायणी. तो इथलाच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून झालेला. नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. तेव्हा रस्त्याच्या कडेला पेंढा पसरलेला असतो, तो चाकाला आणि चेनला गुंडाळतो. त्यावरून जायचंच झालं तर सरळ आणि सावकाश जा, त्यावर ब्रेक लावू नका. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला बोटं आखडण्याइतकी थंडी असते. मार्चपासून ऊन चढतं, तेव्हा अकराच्या आत परत फिरावं लागतं. पावसाळ्यात मावळाचं रूप वेड लावणारं असतं हे खरं, पण धुकं, खड्ड्यात साठलेलं पाणी आणि शनिवार-रविवारी उसळणारी गाड्यांची रांग बघता नवख्या गटाला मी तेव्हा नेत नाही.

वार मंगळवार ते गुरुवार यांपैकी निवडा. पवनेकाठी तंबूत मुक्काम करायला येणाऱ्यांची गर्दी शुक्रवारी संध्याकाळपासून सुरू होते. रस्ता अरुंद आहे, आणि त्या गर्दीत सायकलवाल्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

गाईड ठरवताना काय विचारायचं

फोनवर पाच मिनिटं बोललात तरी माणूस कळतो. पहिला प्रश्न हा विचारा: गटात किती जण आणि तुमची माणसं किती? आठ जणांना दोन माणसं हवीतच, एक पुढे आणि एक सगळ्यात मागे. मागचा माणूस जास्त अनुभवी असावा. पंक्चर, चक्कर, सुटलेली चेन, घाबरलेला माणूस, सगळं मागेच घडतं. एकच गाईड पुढे जाऊन वळणावर थांबतो अशी पद्धत असेल तर दुसरा गाईड शोधा.

मग सायकलीबद्दल विचारा. मोटर किती वॅटची, बॅटरी किती व्होल्ट आणि किती एएच (अँपियर-तास), गिअर किती, ब्रेक डिस्कचे का. आपल्याकडच्या नियमानुसार मोटर 250 वॅटपर्यंतची असेल आणि ताशी 25 किलोमीटरला तिची मदत बंद होत असेल, तरच ती कायद्याने सायकल. तिला नोंदणी नको, लायसन्स नको. ‘आमची चाळीसने पळते’ असं कुणी कौतुकाने सांगितलं तर ते वाहन झालं. अपघात झाला तर त्रास तुम्हाला होईल. सगळ्या सायकली एकाच मॉडेलच्या असतील तर फार बरं, कारण बॅटऱ्या अदलाबदल करता येतात आणि एकच चार्जर सगळ्यांना चालतो.

जेवण कुठे, स्वच्छतागृह कुठे, हेही बिनधास्त विचारा. बायकांच्या गटात हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही आणि मग दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यातून डोकं धरतं, उन्हाचा त्रास होतो. चांगला गाईड स्वतःहून सांगतो: निघताना कामशेतला, मग पवनानगरला, आणि जेवणाच्या घरी.

आणखी एक, हे माझ्या आवडीचं. त्याला विचारा की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय दिसतं. लोहगड आणि विसापूर कुणीही दाखवेल. पण पवनेच्या पाण्यासाठी ज्यांची गावं आणि जमिनी गेल्या त्या धरणग्रस्तांबद्दल त्याला ठाऊक आहे का? हे पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. ते बंद जलवाहिनीतून नेण्याच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात मावळातले तीन शेतकरी गेले. आपण ज्या रस्त्याने हौसेने जातो तिथली माणसं हे विसरलेली नाहीत. ज्या गाईडला हे माहीत असतं तो शेतातून सायकल घालत नाही, कुणाच्या अंगणात न विचारता गट उभा करत नाही.

आदल्या दिवशी

सुती किंवा लवकर वाळणारे कपडे, पायात बंद बूट. चपला, सँडल नकोत. सलवार किंवा सैल पँट असेल तर उजव्या पायाची मोहरी रबराने बांधा, चेन त्याच बाजूला असते. ओढणी घरी ठेवा. मागच्या चाकात अडकलेली ओढणी मी एकदा पाहिली आहे आणि पुन्हा पाहायची नाही. हेल्मेट गाईड देतोच, पण ते हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकंच सैल हवं. टोपीवर हेल्मेट घालू नका.

पाणी किमान दोन लिटर. त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की, दोन केळी, नेहमीची औषधं, गॉगल, पातळ जर्किन. थंडी असली तरी जर्किन पातळच घ्या, पहिल्या चढावर ते काढावं लागतं. फोन चार्ज करा, पण काही वळणांवर रेंज जाते. म्हणून गाईडचा नंबर आणि घरचा एक नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. तातडीच्या वेळी रुग्णवाहिकेसाठी 108, बाकी मदतीसाठी 112.

हृदयाचा त्रास, दमा, मधुमेहाचं इन्शुलिन, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया: हे गाईडला आदल्या दिवशी सांगा, सकाळी सगळ्यांसमोर नव्हे. ई-सायकल आहे म्हणून डॉक्टरांना विचारायचं राहून जातं. तसं करू नका. मोटर पायांचा भार घेते, पण दिवसभर ऊन, वारा आणि खोगिरावर बसणं शरीरालाच सोसावं लागतं.

सायकल हातात आल्यावर

इथे घाई केली तर पुढचा दिवस बिघडतो. मी गटाला अर्धा तास स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेत ठेवते आणि कुरकुर ऐकून घेते.

आधी सीटची उंची. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवा, पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तोच बरोबर. बहुतेक जण ‘पाय टेकले पाहिजेत’ म्हणून सीट फार खाली ठेवतात आणि दुपारी गुडघे धरून बसतात. अगदीच भीती वाटत असेल तर पहिले दोन किलोमीटर एक बोट खाली ठेवा, मग वर घ्या.

मग ब्रेक. दोन्ही लिव्हर दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींना ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच असतो. तो दोन्ही बाजूंनी चालतो का ते मागचं चाक उचलून, पेडल फिरवून तपासा. हवा, चेन, हँडल घट्ट आहे का, बॅटरी कुलपात नीट बसली आहे का, तेही बघून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या सायकलींतल्या अनेकांत पेडल फिरतंय एवढंच ओळखणारा सेन्सर असतो, तुम्ही किती जोर लावताय हे त्याला कळत नाही. त्यामुळे पेडल अर्धं फिरलं की मोटर एकदम ओढते आणि पेडल थांबवल्यावरही क्षणभर ओढत राहते. उभे असताना नकळत पेडलवर वजन पडलं की सायकल पुढच्या माणसावर जाते. म्हणून सवय एकच लावा: थांबलो की मदत, म्हणजे मोटर किती जोर लावते तो टप्पा, शून्यावर आणि बोटं ब्रेकवर. वळून मागे फिरायचं असेल, गर्दीतून जायचं असेल, तेव्हाही शून्यावर. थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवायची सोय) असेल तर पहिल्या दिवशी त्याला हात लावू नका.

शून्यावर पाच मिनिटं चालवा. सायकल जड वाटेल, तिचं वजन कळू द्या. मग एकवर, मग दोनवर. गिअर बदलताना पेडल फिरत राहू द्या, पण पायातला जोर क्षणभर काढा. मोटरच्या जोरात गिअर बदलला की खाडकन आवाज येतो, असे दहा आवाज झाले की चेन तुटायच्या वाटेला लागते.

बॅटरीचा हिशेब

आता जरा आकडे, कारण यावरच दिवस तरतो. बॅटरीवर 36 व्होल्ट, 10 एएच असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार 360, म्हणजे 360 वॅट-तास. हा तुमचा दिवसभराचा शिधा. काही सायकलींत तो 275 च्या आसपासच असतो, म्हणून आधी वाचा.

खर्च कुठे होतो? सपाटीवर, मदत एकवर ठेवून, स्वतः नीट पेडल मारत गेलात तर किलोमीटरला सहा-सात वॅट-तास पुरतात. मदत पूर्ण ठेवून पाय नुसते फिरवत राहिलात तर पंधराही जातात. चढाचा हिशेब वेगळा. माणूस, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून 100 किलो धरा. हे वजन 100 मीटर उंच न्यायला 27 वॅट-तास लागतात. मोटरमध्ये वाया जाणारं धरलं तर पस्तीसेक. म्हणजे मोटरनेच सगळं केलं तर दर शंभर मीटर उंचीला बॅटरीचा एक दशांश जातो. अर्धा भार पायांनी उचलला तर निम्माच. कामशेत ते तिकोना पेठ रस्त्यात एकच मोठा घाट नाही. डोंगराच्या सोंडा खाली येतात आणि रस्ता त्यांच्यावरून वर-खाली होत राहतो. प्रत्येक चढ लहान वाटतो आणि दिवसअखेर बेरीज मोठी होते. उतारावर यातलं काही परत मिळत नाही, या सायकलींची मोटर उतारावर बॅटरी भरत नाही.

म्हणून माझा शिरस्ता असा. सपाटीवर शून्य किंवा एक. चढ दिसला की तो सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करायचा, मदत दोनवर, पाय भरभर फिरू द्यायचे. मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या चांगल्या. जड गिअरमध्ये कुंथत, मोटरच्या भरवशावर चढायचं नाही. मागच्या चाकातली मोटर हळू फिरताना जास्त वीज घेते, जोर कमी देते आणि तापते. उभा चढ आला आणि सायकल चालण्याच्या वेगावर आली, तर उतरून चालत जा, त्यात कमीपणा नाही.

बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या पट्ट्या बघून फसू नका. चढावर मोटर जोरात ओढत असताना व्होल्टेज खाली बसतं आणि एक-दोन पट्ट्या दिसेनाशा होतात. सपाटीला आल्यावर परत येतात. खरी मोजणी थांबून, मदत शून्यावर करून, मिनिटभराने घ्यायची. हँडलवरच्या पडद्यावर व्होल्ट दिसत असतील तर आणखी बरं: 36 व्होल्टची भरलेली बॅटरी 42 दाखवते.

हे मी अनुभवातून शिकले. एकदा गटातल्या एका ताई सकाळपासून पूर्ण मदतीवर पुढे पुढे राहत होत्या. त्यांना मजा वाटत होती आणि मी जेवणाच्या वेळी त्यांची बॅटरी बघितली नाही, ती चूक माझी. परतताना पवनानगर मागे टाकलं आणि मोटर बंद पडली. पुढचा सगळा रस्ता बाकी, सूर्य कलत चाललेला. मी माझी सायकल त्यांना दिली आणि त्यांची स्वतः पायांनी ओढत कामशेतपर्यंत आणली. मांड्यांना त्या दिवशी जे झालं ते आठवडाभर टिकलं. तेव्हापासून तिकोना पेठेत पोचल्यावर प्रत्येकाची बॅटरी मी स्वतः बघते. निम्म्याहून कमी असेल आणि चार्जिंगची सोय नसेल, तर जवणकडे जायचं नाही, सगळा गट तिथूनच परत.

कामशेत ते बेडसे

सकाळी सव्वासातला निघालं की ऊन कोवळं असताना बेडसे गाठता येतं. गाव सोडून एक्स्प्रेसवे ओलांडला की आवाज मागे पडतो. उजव्या हाताला डोंगराची जी रांग लागते ती लोहगड-विसापूरकडे गेलेली. रस्त्यावर एकामागे एक चाला, दोघादोघांनी नाही. दोन सायकलींत किमान तीन सायकलींची जागा. समोरून एसटी किंवा टँकर आला तर हट्ट न करता कडेला उतरून थांबा. मागचा माणूस ‘गाडी’ म्हणून ओरडला की तो शब्द पुढे पुढे पोचवायचा. कुत्रं अंगावर आलं तर पळवू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये ठेवा, ते बहुधा निघून जातं. म्हशींच्या कळपाला वाट द्या आणि घंटी वाजवू नका.

करुंज-बेडसेकडे फाटा फुटतो. सायकली पायथ्याला गावात लावायच्या, गाईडचा एक माणूस तिथे थांबतो. हँडलवरचा पडदा सुटा होत असेल तर तो काढून बरोबर घ्या. वर जायला चारेकशे पायऱ्या. घाई नको, ही चढण पायांनी करायची आहे, मोटर खाली राहिली.

बेडसे लेणी पूर्वाभिमुख आहेत, म्हणून मी हा थांबा सकाळीच ठेवते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातलं काम. कातळातल्या एका अरुंद वाटेने आत शिरलं की एकदम चैत्याचे उंच खांब समोर येतात. खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. सकाळचं ऊन तिरपं येतं तेव्हा घोड्याच्या मानेवरची आयाळ दिसते. शेजारचा विहारही नेहमीसारखा चौकोनी नाही, मागची भिंत अर्धगोल आणि छत कमानीचं. कोरीव लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचं, पुष्यणकाचं, दान नोंदलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या माणसाने इथे दान दिलं, म्हणजे या पायथ्याच्या वाटा किती जुन्या! लोणावळ्याकडून येणारी गर्दी कार्ले-भाज्याला थांबते, इथे बहुतेक वेळा तुमचा गटच असतो. मोठ्याने बोलू नका, अत्तर लावून येऊ नका, डोंगरकपारीला आग्यामोहोळं असतात. तासभर पुरे.

पवनानगर, तिकोना पेठ आणि जेवण

बेडशाहून पवनानगर. जुनी माणसं अजून काले कॉलनीच म्हणतात. चहा, भजी, पाण्याच्या बाटल्या भरणं, स्वच्छतागृह, सगळं इथे उरकून घ्या. भजी दोनच खा, पुढे चढ आहे. इथून पुढे चार किल्ले ओळखायला शिकवते: मागे उत्तरेला लोहगड, त्याची लांब गेलेली विंचूकाटा नावाची सोंड, शेजारी पसरट विसापूर, समोर तिकोनी माथ्याचा तिकोना ऊर्फ वितंडगड आणि पाण्यापलीकडे सुळक्यासारखा तुंग, म्हणजेच कठीणगड. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या 23 किल्ल्यांत हे चारही होते. लोहगड 2025 साली ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. चारही नावं पाठ झाली की पुढचा रस्ता आपला वाटू लागतो.

धरणाच्या पाण्यात उतरू नका. काठावरून पाणी शांत दिसतं, पण गाळाचा उतार एकदम खोल जातो, आणि इथे दरवर्षी कुणाच्या तरी घरी वाईट बातमी जाते. पोहता येणाऱ्यांनाही मी जाऊ देत नाही. पाय बुडवायचा आग्रह असला तर तो घरी बादलीत पुरा करा, हे मी निघतानाच सांगून ठेवते.

तिकोना पेठेत साडेअकरा-बारापर्यंत पोचायचं. जेवणाचं आदल्या दिवशी किती ताटं ते सांगून ठेवलेलं असावं, ऐनवेळी आठ माणसं दारात उभी राहिली तर त्या घरच्या बाईची तारांबळ उडते. पिठलं, भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा मऊ भात, ताक. ताकात मीठ जास्त घ्या, सकाळपासून घामातून गेलेलं भरून निघतं. भात बेतानेच, कारण इंद्रायणीवर झोप छान येते.

जेवताना बॅटऱ्या चार्जिंगला. नेहमीचा दोन अँपियरचा चार्जर तासाला सत्तर-ऐंशी वॅट-तास भरतो. दीड तासाच्या विश्रांतीत शंभरेक आले, म्हणजे परतीचे दहा-पंधरा किलोमीटर. पण दोन पथ्यं पाळा. एक, तापलेली बॅटरी लगेच लावू नका, वीस मिनिटं सावलीत निवू द्या. दोन, घरमालकांना विचारून लावा आणि विजेचे पैसे जेवणाच्या पैशांत वेगळे धरून द्या. एकाच बोर्डावर आठ चार्जर लावू नका, गावातली वायरिंग तेवढी सोसत नाही.

‘एवढं आलोय तर किल्ला करू या’ असं दर वेळी कुणीतरी म्हणतं. करू नका. तिकोना चढून उतरायला नवख्याला तीन तास लागतात आणि थकल्या पायांनी संध्याकाळी रस्त्यावर सायकल चालवणं धोक्याचं. किल्ल्यासाठी वेगळा दिवस काढा, त्याचा मान तेवढा आहे.

दुपारी दीडनंतर, बॅटरी बरी असेल तर, जवणच्या दिशेने पाण्याकाठी अर्धा तास जाऊन परत फिरतो. इथे रस्ता कधी डांबरी, कधी उखडलेला. तुंग इथून हाताच्या अंतरावर वाटतो. मी इथे गटाला दहा मिनिटं न बोलता बसवते.

परतीची वाट

परतताना माणसं दमलेली असतात आणि उतार मोह घालतात. जड सायकल उतारावर चटकन वेग घेते आणि थांबायला जास्त अंतर लागतं. मदत शून्यावर, पेडल आडवे समपातळीवर, बोटं दोन्ही ब्रेकवर. ब्रेक सतत घासत ठेवू नका, तापतात. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वळणाच्या आत नाही, वळणाच्या आधी वेग कमी करा. वळणावर वाळू, शेण किंवा पेंढा असू शकतो हे धरूनच चला. पुढचा एकटाच ब्रेक जोरात दाबलात तर डोक्यावरून पडाल.

मागच्या चाकाचं पंक्चर झालं तर चाक न खोलता काम होतं का, ते गाईडने आधी बघावं. मोटर चाकातच असेल तर तिची वायर, जाड नट, वॉशरची जागा या सगळ्यात अर्धा तास जातो आणि त्यासाठी बहुधा 18 चा पाना लागतो. बऱ्याचदा चाक न काढता, टायरची एक बाजू उचलून ट्यूब तेवढी बाहेर ओढून ठिगळ लावता येतं. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. बाभळीचा काटा तसाच राहिला तर पाच किलोमीटरवर पुन्हा थांबावं लागतं.

पाऊस आला तर थांबा. सायकल शिंतोडे सोसते, साठलेल्या पाण्यातून नेणं सोसत नाही. वायरचे जोड पुसून कोरडे होईपर्यंत चार्जर लावू नका, आणि चिखल काढायला जोराच्या पाण्याचा पाइप तर नकोच.

पाचच्या सुमाराला कामशेत येतं. सायकल परत देताना काय बिघडलं, काय कुरकुरलं ते गाईडला मोकळेपणाने सांगा. सैल ब्रेक तुम्ही सांगितला नाहीत तर उद्याच्या माणसाच्या वाट्याला तो तसाच जातो. स्टेशनवर बसण्याआधी पोटऱ्या आणि मांड्या ताणून घ्या, एक पूर्ण बाटली पाणी प्या. लोकलमध्ये पुण्याकडे जाताना डाव्या-उजव्या खिडकीचं भांडण करू नका. सकाळची डोंगरांची रांग आता मागे राहिलेली असते, म्हणून उलट्या तोंडाची जागा धरा, उजेड असेपर्यंत ती दिसत राहते.